सदतीस नंबरचा डबा

धुरपदाबाईला तिचा नवरा बैलापेक्षा जास्त मारायचा. हे मी तिखटमीठ लावून सांगत नाही, गावच सांगायचं. पितांबरच्या खिल्लारी जोडीच्या अंगावर कधी कोणाला वळ दिसला नाही. बाईच्या पाठीवर मात्र बैल हाकायच्या पराणीचे होते, चाबकाचे होते, एकदा तर इंजिनाच्या पट्ट्याचे होते. सासू तानुबाई मारायची नाही, ती चुलीत चिमटा तापवायची. कारण एकच होतं. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता.

गाव पारोळ्यापासून सहा मैलांवर आहे. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून जिवंत आहेत आणि माझे उरलेले दात मला हवे आहेत.

मी गिरधर. धुळ्यात एका खाजगी दवाखान्याच्या लॅबमध्ये होतो. १९८७ साली आमच्या डॉक्टरसाहेबांनी एक अभ्यास हाती घेतला. ज्या पुरुषांचे शुक्रजंतू मंद आहेत, त्यांना सहा महिने गोळ्या द्यायच्या आणि जंतू पळायला लागतात का ते बघायचं. साठ पुरुष हवे होते. निम्म्यांना पुरुषी संप्रेरकाची खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पिठाची. कोणाला कुठली, हे घेणाऱ्याला ठाऊक नाही, डॉक्टरांना नाही आणि मलाही नाही. डब्यावर नुसता नंबर. नंबरांची यादी गोळ्या बनवणाऱ्या कंपनीच्या पुण्याच्या मुख्य कचेरीत, बंद पाकिटात. माझं काम काचेवर थेंब टाकून शंभर जंतू मोजायचं: किती सरळ पळतात, किती जागच्या जागी वळवळतात, किती निपचित पडलेत.

साठ पुरुष जमवता जमवता नाकी नऊ आले. बाईला वांझ म्हणायला सगळं गाव पुढे, पण हातात बाटली देऊन 'त्या खोलीत जाऊन या' म्हटलं की भले भले मिशीवाले घाम पुसत मागे फिरायचे. एकाने तर बाटली माझ्याच डोक्यात फेकून मारली होती.

पितांबर आमच्याकडे आला तो बायकोचा हात मोडून. प्लास्टर घालायला म्हणून धुळ्याला आणलं आणि तानुबाईने आग्रह धरला, आलोच आहोत तर हिची कूसही तपासून घ्या. डॉक्टरांनी तपासली. बाईत काही खोट निघाली नाही. मग त्यांनी पितांबरचा नमुना मागितला. तो मीच मोजला. शंभरात बारा सरळ पळत होते.

डॉक्टरांनी पितांबरला आत बसवून सगळं समजावलं. दोष तुझ्यात आहे, हिच्यात नाही, गोळ्या तुला खायच्या आहेत, रोज सकाळी तीन. पितांबर खाली मान घालून हो हो म्हणाला, अंगठ्याऐवजी झोकदार सही केली आणि सदतीस नंबरचा डबा घेऊन बाहेर गेला. बाकावर बसलेल्या आईला त्याने काय सांगितलं, ते मला सहा महिन्यांनी कळलं. त्याने सांगितलं, मूल व्हायची गोळी दिली आहे. एवढंच. मग तानुबाईने डबा पदरात बांधला आणि सगळे एसटीत बसून गावी गेले.

त्यानंतर पितांबर दर महिन्याला वेळेवर यायचा. रिकामा डबा परत, नवा डबा घेतला, नमुना दिला. मी मोजायचो. अकरा. तेरा. बारा. माझी खात्री झाली की याच्या नशिबी पिठाच्या गोळ्या आल्यात. माणूस एवढा नेमाने खातो आणि पदरात काही नाही, म्हणून मला त्याची कीव यायची. आज त्या कीवेची मला लाज वाटते.

गोळ्या धुरपदाबाई खात होती. मूल बाईला होतं, तर औषधही बाईलाच, यात तानुबाईला काही शंकाच नव्हती. ती रोज सकाळी सुनेला चुलीपुढे बसवायची, तीन गोळ्या तोंडात कोंबायची आणि गिळेपर्यंत जबडा दाबून धरायची. पितांबर समोर बसून चहा प्यायचा.

दुसऱ्या महिन्यात धुरपदाबाईची पाळी चुकली. घरात आनंदीआनंद झाला. तानुबाईने गावात गूळ वाटला, सुनेला तुपातली खिचडी घातली, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा तिच्या अंगाला कोणी हात लावला नाही. धुरपदाबाईने मला नंतर सांगितलं, ते सात आठवडे तिला झोपच यायची नाही, एवढं बरं वाटायचं.

पण पोट काही वाढेना. वाढले ते हनुवटीवरचे केस. मग ओठावर आले. मग आवाज बसला, सर्दी झाल्यासारखा, आणि पुन्हा उठला तो पुरुषाचा होऊन. शेजारची बाई अंधारात तिला 'कोण शे रे भाऊ' म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी गावभर झालं. भगताने नारळ फोडून निदान केलं की पोटातला जीव हिने स्वतःच खाल्ला, ही डाकीण आहे. तेव्हापासून जो मार सुरू झाला, त्यापुढे आधीचा मार म्हणजे लाड होते. पितांबर लाथेने पोटात मारायचा. तानुबाई चिमट्याने हनुवटीचे केस उपटायची, कातड्यासकट. आणि गोळ्या चालूच होत्या, कारण दर महिन्याला नवा डबा येतच होता.

सहाव्या महिन्यात पितांबर शेवटच्या नमुन्याला आला नाही. डॉक्टरांनी मला पाठवलं. पारोळ्यापर्यंत एसटीने आणि पुढे बैलगाडीने, भर दुपारी मी त्या घराशी पोचलो. गोठ्यातून एका पुरुषाच्या कण्हण्याचा आवाज येत होता. मला वाटलं, कोणी गडी चोरी करताना सापडलेला दिसतो.

आत दावणीला बाई बांधली होती. बैलांच्या मधल्या खुंट्याला, दोन्ही हात मागे. हनुवटीवरून रक्त ओघळून चोळीवर वाळलं होतं आणि एक डोळा बंद झाला होता. तिने मला बघितलं आणि पाणी मागितलं. तो पुरुषाचा आवाज तिचा होता.

मी पाणी दिलं. एवढंच केलं. तानुबाई बाहेर आली तेव्हा मी डब्याची चौकशी केली, आणि तिने मोठ्या अभिमानाने रिकामा डबा माझ्या हातात ठेवला.

"एकबी गोळी चुकू दिधी नही मी," ती म्हणाली. "रोज सकायले तीन. गिळस तवलोंग जबडा धरी ठेवस."

तिथल्या तिथे मला सगळं कळलं. पितांबरला मी बांधावर गाठलं आणि विचारलं, गोळ्या तुझ्या होत्या ना रे? तो संतापला नाही. एखाद्या अडाण्याला समजावावं तसं त्याने मलाच समजावलं.

"खत काय बियाले टाकतस का, भाऊ? खत वावरले टाकतस."

त्या क्षणी मी त्याच्या थोबाडीत द्यायला हवी होती. तानुबाईला, भगताला, गल्लीत जमलेल्या बायकांना ओरडून सांगायला हवं होतं. निदान दावणीला बांधलेल्या त्या बाईच्या कानात तरी सांगायला हवं होतं की बाई, तू डाकीण नाहीस, तू पुरुषाच्या गोळ्या खाल्ल्या आहेस. मी अभ्यास सोडल्याच्या कागदावर पितांबरची सही घेतली आणि संध्याकाळच्या गाडीने धुळ्याला परतलो.

का, म्हणाल तर नियम. पुरुषाची माहिती गुप्त ठेवू असं आम्ही लिहून दिलं होतं. शिवाय डबा पिठाचा निघाला तर? मग केस आणि आवाज कशाने आले, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि मी तोंडावर पडलो असतो. डॉक्टरसाहेब वाईट माणूस नव्हते. ऐकून ते पांढरे पडले. पण म्हणाले, बाई आपल्या अभ्यासात नाही, पुण्याला तार करतो, पाकीट फोडून नंबर कळवतील, तोवर थांबा. मी थांबलो. रोज मायक्रोस्कोपला डोळा लावायचो आणि बारा मोजताना आकडा विसरायचो.

आठव्या दिवशी उत्तर आलं. सदतीस नंबर खरा होता.

मी रजा टाकली. केसपेपरवर धुरपदाबाईच्या माहेरचा पत्ता होता. तिचा भाऊ सुकदेव दोंडाईच्याला मिरचीच्या बाजारात हमाल होता. त्याला तार केली, तो टेम्पो घेऊन आला आणि आम्ही दोघे गावात शिरलो. पण मधे अमावास्या होऊन गेली होती. अमावास्येला भगताने पारावर तेलाची कढई चढवली होती. उकळत्या तेलात तळाशी बांगडी टाकली. निर्दोष असेल तर हात भाजणार नाही, बांगडी काढून दाखव.

तिचा हात कोणी धरून तेलात घातला नाही. तिने स्वतः घातला, कोपरापर्यंत.

आम्ही पोचलो तेव्हा तिला घराच्या माळ्यावर टाकलं होतं. हातावर शेण लिंपलं होतं आणि शेणाखाली मांस कुजत होतं. सुकदेवने बहिणीला खांद्यावर घेतलं. मी पारावर उभा राहिलो आणि सगळ्या गावापुढे बोललो. पितांबरचे शंभरात बारा जंतू पळतात हे सांगितलं, गोळ्या कोणाच्या होत्या आणि कोणी खाल्ल्या हे सांगितलं, केस का आले, आवाज का फुटला, पाळी का गेली, सगळं सांगितलं. गुप्त काही ठेवलं नाही. बोलणं पुरं व्हायच्या आत पितांबरने पराणीचा दांडा माझ्या तोंडावर घातला. वरचे दोन दात मी मातीतून गोळा केले. खाली पडल्यावरही तो मारत राहिला, माझी एक बरगडी गेली. सोडवायला कोणी आलं नाही. शेवटी सुकदेवने टेम्पोतला चाक खोलायचा लोखंडी टॉमी काढून त्याच्या गुडघ्यावर मारला, तेव्हा आम्हाला वाट मिळाली.

गावाला माझं पटलं का? निम्म्यांना पटलं. उरलेले म्हणाले, डाकिणीने लॅबवाल्यालाही भुलवलं. पोलीस पाटलाने दोन्हीकडची मारामारी म्हणून मिटवून टाकलं. पितांबरने वर्षभरात दुसरी केली. तिलाही मूल झालं नाही आणि तीही आता मार खाते, असं ऐकतो. अभ्यास पुरा झाला, छापून आला. गोळ्यांनी पुरुषांमध्ये काही लक्षणीय फरक पडला नाही, असा निष्कर्ष होता. सदतीस नंबर मधेच सोडून गेलेल्यांत धरला होता. मला कामावरून काढलं नाही, पण डॉक्टरसाहेब पुढे माझ्याशी कामापुरतंच बोलायचे.

धुरपदाबाई धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात तीन महिने होती. उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटून गेली. पाळी परत आली, केस विरळ झाले, आवाज मात्र तसाच राहिला. त्यानंतर ती भावाकडेच राहिली.

१९९३ च्या फेब्रुवारीत मी तिला भेटायला दोंडाईच्याला गेलो. का गेलो, ते खरं सांगतो. मला वाटत होतं, तिने मला धन्यवाद द्यावेत. दोन दात गेले होते माझे. बाजाराच्या आवारात लाल ढिगाऱ्यांमध्ये बायका मिरच्यांची देठं खुडत बसल्या होत्या, त्यांत ती होती. तिने मला ओळखलं, पोतं पसरून बसायला दिलं. भावाच्या पोरांबद्दल बोलली, माझ्या दातांची चौकशी केली. मग मी न राहवून विचारलं की तिने स्वतः होऊन तेलात हात का घातला. 

"बठ्ठा गाव सांगे, डाकीण शे," ती म्हणाली. "मालेबी वाटाले लागनं, शे का काय मी? म्हणीसन हात घाला मी. भाजना नही त समजी जाई."

भाजल्यावर काय समजलीस, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही. तिने हातातली मिरची खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही गोठामा माले पाणी दिधं ना, त्या दिनले तुमले समजनं व्हतं?"

मी हो म्हणालो. मग घाईघाईने पाकिटाचं सांगायला लागलो, पुण्याची कचेरी, नंबर, नियम. तिने ऐकून घेतलं, उठली, आणि डाव्या हाताने माझ्या कानशिलात अशी मारली की मी पोत्यावरून खाली आलो. आजूबाजूच्या बायका हसल्या. ती पुन्हा बसली आणि देठं खुडायला लागली. तिच्या हाताला दिवसभराचं तिखट होतं, ते माझ्या डोळ्यात गेलं होतं. मी नळ शोधत आवाराबाहेर गेलो आणि पाण्याने तोंड धूत राहिलो, पण धुळ्याला पोचेपर्यंत गाल जळतच होता.