सिस्टरनं दिलेली पाकिटं

आमच्या मुठा खोऱ्यात माझ्याइतकं लोकास्नी हसवणारा दुसरा गडी न्हाई. माझी बायकू शेवटची कवा हसली, ते मात्र मला आठवत न्हाई.

तिच्या छातीत गाठ निघाली. पुण्याच्या दवाखान्यात कॅन्सर म्हणले, आन दर तीन आठवड्याला किमोची सलाईन सुरू झाली. दोन सलायनीत केस गेलं, पाळी थांबली. तवा तितल्या सिस्टरनं मला एकट्याला बाजूला घेतलं आन हातात निरोधची पाकिटं दिली.

"पाळी थांबली तरी दिवस जाऊ शकतात, काका. औषध चालू असताना ते व्हायला नको. पाळणा लांबवायच्या गोळ्या यांना चालत नाहीत, म्हणून हे तुम्हीच वापरायचं. घरी त्यांनाही सांगा."

"व्हय व्हय," म्हणलं. मी साळंची पायरी चढलेलो न्हाई, पन मान हलवायला साळा कुटं लागती? मनात म्हणलं, पाळीच न्हाई तर पोर कुटनं येनार?

भातलावणी चालू हुती. पावसात फोन भिजतोय म्हणून मी एक निरोध धुतला, फोन आत सारला, वर गाठ मारली. बांधावरचे गडी पोट धरून हसले. "मला बी दे की रं!" दिला. समद्यास्नी दिलं, पाकिटं संपली. घरी काय बोललो न्हाई. बायकूम्होरं तसलं बोलायची लाज वाटली. बांधावर न्हाई वाटली.

म्होरं आनखी दोन सलायनी झाल्या, तवा तिला लई उलट्या लागल्या. किमोच्याच असत्याल म्हणून मी लिंबू कापून देत बसलो. पुढच्या टायमाला डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करायला लावली. दोन महिने झालेले.

"गर्भ ठेवायचा तर किमो थांबवावी लागेल, आणि गाठ काही थांबणार नाही," त्या बायकूला म्हणल्या. मग माझ्याकडं वळल्या. "तुम्हाला पाकिटं दिली होती ना?"

"कसली पाकिटं?" बायकूनं इचारलं.

मी खिशातनं फोन काढून टेबलावर ठेवला. रबरासकट. कुणीतरी हसंल वाटलं.

तिनं त्यो फोन माझ्याकडं परत सारला. मग डॉक्टरीणबाईला म्हणली, "घरी दोन पोरी हायेत. त्यास्नी आई पायजे. काढून टाका." सलायनीनं हात काळा पडलेला, पेन धरवत नव्हता. तरी सही तिनंच केली.

पिशवी साफ केली त्यानंतर ती भिताडाकडं तोंड करून पडून हुती. पोटात दुखायचं ते सिस्टरला सांगायची, मला न्हाई. मी पायाशी बसून हुतो. दुसऱ्या दिशी धीर करून म्हणलं, "मी इचारून आलोय. बाप्याचं बी आपरेशन असतंय. माझंच करून घेतो. आपल्या गावात आजवर कुण्या गड्यानं केलं न्हाई, मीच पयला."

तिनं तोंड वळवलं न्हाई.

"करा. पन बांधावर सांगत बसू नका."