कोटाखाली धोतर

माझा नवरा पुण्याचा आणि मी नागपूरची. त्यामुळे आमच्या घरात भांडायला तिसऱ्या माणसाची गरज कधी पडली नाही. पण दोन हजार दोनच्या एप्रिलमध्ये तिसराही मैदानात उतरला. आमचा मुलगा, वय नऊ, इयत्ता चौथी.

न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरच्या त्याच्या शाळेत चौथीची मुलं दरवर्षी एक सोंग काढायची. शंभर वर्षांपूर्वी बोटीतून अमेरिकेत उतरलेली माणसं व्हायचं. जिममध्ये टेबलं मांडून शिक्षक साहेबाच्या थाटात नाव-गाव विचारणार, एक बाई डॉक्टर होऊन डोळे तपासणार, मग आत प्रवेश. कपडे मात्र आपापल्या पणजोबांच्या काळचे. चिरंजीवांना आयरिश व्हायचं होतं. चपटी टोपी, खांद्यावरून पट्टे, गुडघ्यापर्यंत मोजे. वर्गातली निम्मी मुलं तशीच येणार होती आणि त्याला त्या निम्म्यांत दिसेनासं व्हायचं होतं, एवढंच.

"आयरिश?" नवरा कडाडला. "आपण काय त्यांच्यासारखे बटाट्याचा दुष्काळ पडला म्हणून आलो इथे?"

"नाही बाप्पा, आपण कॉम्प्युटरचं वायटूके पडलं म्हणून आलो," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे दुर्लक्ष केलं आणि पुण्याहून सासऱ्यांकडून एक फोटो ईमेलवर मागवला. नवऱ्याचे वकील पणजोबा. डोक्यावर पगडी, अंगात गळाबंद काळा कोट, हातात छत्री, पायात मोजे आणि नाडीचे बूट. आणि मध्ये, कोट आणि बूट यांच्यामध्ये, स्वच्छ पांढरं धोतर. शेजारच्या खुर्चीत पणजी. नऊवारी लुगडं, पण पोलकं मात्र फुग्याच्या बाह्यांचं आणि गळ्याशी लेस लावलेलं.

मग व्याख्यान झालं. पणजोबांचे वडील अंगरखा आणि उपरणं वापरत. पणजोबा वकील झाले, तेव्हा अंगरखा जाऊन कोट आला. आजोबांनी पगडी काढून काळी टोपी घातली, शाळेत नोकरी लागल्यावर पँट शिवली. वडिलांनी टोपीही खुंटीला टांगली.

"म्हणजे साहेब आधी अंगात शिरला, मग पायात, शेवटी डोक्यात," मी म्हटलं. "आणि तुझ्यापर्यंत येता येता उरला कंपनीने फुकट दिलेला पोलो शर्ट."

मुलगा इतका वेळ फोटो निरखत होता. पणजीच्या बाह्या त्याच्या टीचरने दिलेल्या चित्रातल्या बायकांसारख्याच होत्या, त्यामुळे ती पास झाली. "शी लुक्स ओके," तो म्हणाला. मग पणजोबांवर बोट ठेवून, "बट ही फरगॉट हिज पँट्स!"

मी इतकी हसले की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

पगडी घरात होती. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत राबल्याबद्दल नवऱ्याला सत्कारात मिळालेली, क्लॉजेटच्या वरच्या फळीवर डब्यात बसलेली. मुलाच्या ती कानांपर्यंत आली, तेव्हा आत दोन मोजे कोंबले. धोतरंही होती दोन, नवऱ्याच्या लग्नातली. पण नेसवायचं कसं? हा गडी जन्मात दोनदा धोतर नेसलेला, मुंजीत आणि लग्नात, आणि दोन्ही वेळा नेसवलं भटजींनी! शेवटी फोन स्पीकरवर टाकून सासऱ्यांना विचारलं. दिवाणखान्यात बाप-लेक कमरेला धोतर गुंडाळून उभे आणि पुण्याहून आवाज येतोय, "निऱ्या केल्यास? कासोटा खोचलास का घट्ट?"

पाठीमागून सासूबाई म्हणाल्या, "अहो, तुम्हाला कधी आलंय धोतर नेसता? त्या बिचाऱ्यांना काय सांगताय!"

धोतर दोघांचंही सुटलं. मी सोफ्यावर लोळून हसत होते. पण मुलगा हसत नव्हता. त्याचे डोळे भरले होते. "दे विल लाफ ॲट मी," तो म्हणाला. "सगळे."

"लोक हसतात म्हणून आपलं सोडायचं?" नवरा म्हणाला. "छाती पुढे काढून जायचं!"

पोराने नाक पुसलं. "ओके. देन यू वेअर इट फर्स्ट. ऑफिसला. ट्रेनमधून."

माझ्या मनात लाडू फुटले. नवऱ्याने मीटिंगचं सांगून पाहिलं, मॅनेजरचं सांगून पाहिलं. मी फक्त एवढंच म्हणायचे, "छाती पुढे काढून हं." आता माघार घेतली असती तर पुण्याचं नाक कापलं गेलं असतं. गुरुवारी, सोंगाच्या आदल्या दिवशी, तो नटून तयार झाला.

प्रिन्स्टन जंक्शनला मी आणि मुलगा त्याला सोडायला गेलो. लग्नातला कोट, पट्ट्याने आवळलेलं धोतर, ऑफिसचे बूट, पगडी. इतक्यात न थांबणारी एक गाडी धडधडत गेली आणि वारा असा सुटला की याचा एक हात पगडीवर, एक हात धोतरावर आणि लॅपटॉपची बॅग दोन गुडघ्यांमध्ये. आम्ही दोघं कारमध्ये बसून पोट धरून हसलो. काय शोभत होतं ते सगळं त्याला, पण ते मी त्याला सांगितलं नाही.

संध्याकाळी तो बोडक्या डोक्याने परत आला. मुलगा दारातच उभा होता. "डिड दे लाफ?"

"नाही रे. कुणी म्हणजे कुणी हसलं नाही."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

"ओके. मग मी घालतो," मुलगा म्हणाला आणि आनंदाने टीव्ही बघायला पळाला.

मी पोळ्या लाटत होते. नवरा ओट्याला टेकून उभा राहिला. ऑफिसमध्ये सगळ्यांना आपला कसला तरी सण वाटला, दिवसभर जो तो "हॅपी हॉलिडे" म्हणत होता, हे त्याने सांगितलं. मी खिदळले. "आणि पगडी रे?"

"बॅगेत आहे." तो म्हणाला. "सकाळी न्यूयॉर्कची गाडी खच्चून भरली होती. लोक उभे होते. माझ्या शेजारच्या दोन्ही सीट रिकाम्या. मी सरकून बसलो, एका बाईला म्हटलंसुद्धा, बसा. ती म्हणाली, आय ॲम फाइन. न्यूअर्क स्टेशन गेल्यावर मी पगडी काढली. मग एक जण येऊन बसला."

न्यूयॉर्कचे ते टॉवर पडले त्या सप्टेंबरला अजून वर्षही झालं नव्हतं. आमच्याच स्टेशनच्या पार्किंगमध्ये काही गाड्या तेव्हा मालकांची वाट बघत कितीतरी दिवस तशाच उभ्या होत्या. त्या बाईला तरी काय बोलणार?

"हसले असते ना," तो म्हणाला, "तर बरं झालं असतं."

मग म्हणाला, "उद्या त्याला आयरिशच होऊ दे. मी सांगतो त्याला."

मी भडकले. "इतके दिवस त्या लेकराच्या मागे लागलास आणि आता सांगतोस?" पण आवाज चढवला तरी मला खरं तर त्याच्यावर रागवायचं नव्हतं. मलाही भीतीच वाटत होती.

सकाळी आम्ही काही बोलायच्या आत पोरगा पगडी घालून जिन्यावरून खाली आला. त्याला थांबवायचं कोणत्या तोंडाने? मी त्याला आत ट्रॅकपँट चढवली, धोतराला जागोजागी सेफ्टीपिना लावल्या आणि त्याला बसमध्ये बसवलं. नवऱ्याने सुट्टी टाकली. दिवसभर तो घरात येरझाऱ्या घालत होता आणि शाळा सुटायच्या कितीतरी आधी आम्ही गाडी घेऊन रांगेत उभे होतो.

मुलगा आला तो तणतणतच. धोतराचा बोळा काखेत, पगडी हातात, तोंड लाल. मागचं दार धाडकन आपटलं.

"यू लाइड, बाबा! यू सेड नोबडी लाफ्स!"

"काय झालं?"

"माझं धोतर पडलं! डॉक्टरच्या टेबलासमोर! त्या टीचरचा पाय पडला त्याच्यावर! सगळे हसले. होल क्लास! प्रिन्सिपलपण!"

"आणि पगडी?" नवऱ्याने हळूच विचारलं.

"सगळ्यांनी घालून बघितली. एक जण त्यात शिंकला. यक!"

"आणि लंचला? लंचला तुझ्या शेजारी कुणी बसलं का रे?"

"एव्हरीबडी!" पोरगा ओरडला. "मला हात हलवायला जागा नव्हती!"

नवऱ्याने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. आधी मला वाटलं रडतोय, मग वाटलं हसतोय, मग कळलं की दोन्ही चाललंय.

"इट्स नॉट फनी, बाबा!"

"नाही रे राजा, नाही," तो म्हणत होता आणि डोळे पुसत होता. मागच्या गाडीने हॉर्न दिला, तरी त्याला गाडी सुरू करता येईना.