केशरबाईंचा वेगळा नळ

नवरा गेल्यावर केशरबाई माजलगावला दिराच्या घरी राहिल्या. शाळेत मुलांची खिचडी शिजवायच्या. घरातल्या मोटरीचं बटण दिराच्या खोलीत होतं, त्यामुळे अंघोळीला पाणी हवं असलं की सांगावं लागायचं. कधी लगेच मिळायचं, कधी सगळ्यांचं उरकल्यावर. कोणी वाकडं बोललं असं नाही.

शाळेतलं काम सुटल्यावर धाकटे भाऊ माणिकराव त्यांना उमापूरला घेऊन आले. घरामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी बहिणीसाठी वेगळी खोली काढली. पाया भरल्यावर प्लंबर प्रविण पाइपची आखणी करायला आला. माणिकरावांच्या छतावर टाकी होतीच. स्वयंपाकघरातून एक फाटा काढला की काम भागत होतं.

प्रविण चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर रेघ मारत असताना केशरबाईंनी विचारलं, "ह्या लाइनीचा कॉक कुठं ऱ्हाईल?"

"आत, ओट्याखाली."

"मग न्हाई. बोअरपासून वेगळी लाइन टाक. टाकी माझ्या छतावर, कॉक माझ्या दारात. आन् मोटरीचं एक बटण माझ्याकडंबी."

माणिकरावांना ते लागलं. "आक्का, मी काय तुझं पाणी बंद करीन व्हय?"

"तू न्हाई करायचा. पण मागावं तर लागंल ना."

माणिकराव बाहेर निघून गेले. त्यांची बायको वनिता तिथंच उभी होती. तिनं प्रविणला सांगितलं, "वन्सं म्हणतेत तसं कर."

बोअरपासून चर खणला. पण मागची जागा खोलगट. संडासाचं पाणी घराच्या जुन्या सेप्टिक टाकीकडे चढणार नव्हतं. दुसरा खड्डा घ्यायचा ठरलं आणि प्रविणनं जवळची जागा दाखवली. तेव्हा माणिकराव पुढे आले.

"तिथं नको, बोअर जवळ हाय. पार त्या टोकाला घे." मग बहिणीकडे न बघता म्हणाले, "संडास त्या अंगाला जाईल. चालंल का?"

"चालंल की," केशरबाई म्हणाल्या.

फरशी बसवण्याआधी पाइपांत पाणी भरून ठेवलं. एक सांधा पाझरत होता, तो प्रविणनं कापून नवा बसवला. विजेचं मीटरही केशरबाईंनी स्वतःच्या नावावर घेतलं.

राहायला गेल्यावर पहिल्याच सकाळी वनितानं चहाला हाक मारली.

"मी इकडंच ठेवलाय," केशरबाईंनी आतून सांगितलं. "तुमीच या दोघं."

वनिता गेली. थोड्या वेळानं माणिकरावही गेले आणि दारातच उभे राहून चहा प्याले.