कंबरपट्ट्यातल्या दोन टिपा

आमच्या घरात डॉक्टर एकही नाही, निदान करणारे मात्र झाडून सगळे. थोरले भावोजी, म्हणजे माझे मोठे दीर, शिवणाच्या दुकानात कापड कापणारे मास्तर. तीस वर्षं एकाच टेबलापाशी उभे, खडूची रेघ कधी हलली नाही. तेच भावोजी दोन महिन्यांपासून एका जागी ठरेनात. भरल्या ताटावरून उठायचे, फेरी मारून परत बसून दुप्पट जेवायचे, पंख्याखाली घाम पुसायचे, गळ्यातला टेप काढायचे, परत घालायचे.

"ह्या वयात पाय फुटलेत ह्यांना!" इति त्यांची बायको, आमच्या जाऊबाई.

"रिकामपण, दुसरं काय," आमचे हे म्हणाले. आरामखुर्चीत आडवे पडून म्हणाले, हे विशेष.

आणि मी? मी तर पुण्यवान! म्हटलं, "भावोजी, पंधरा मिनिटं देवापुढे बसा, मन ठिकाणावर येईल." बिचारे बसले. चौथ्या मिनिटाला गुडघा असा हलायला लागला की उठूनच गेले. त्या दिवशी मी ह्या वहीत लिहिलं, 'भावोजींची श्रद्धा उणी.' जसं काही देवानं मला हजेरी घ्यायला नेमलंय. ते वाक्य खोडलेलं नाही. राहू दे, लाज वाटायला बरं.

मग त्यांनी एका कोटाचं कापड वाकडं कापलं. मालक म्हणाला, "मास्तर, आठ दिवस देतो. हात थांबला नाही तर कात्री दुसऱ्याच्या हातात." काज कशाशी खातात हे ज्याला भावोजींनीच शिकवलं, तो हा मालक!

घरी येऊन भावोजी मला म्हणाले, "अगं, मला बसायचंय गं. शरीर बसू देत नाही."

दुसऱ्या दिवशी धुवायला त्यांची विजार उलटी केली, तर कंबरपट्ट्यात मागे दोन टिपा, एकीच्या आत दुसरी.

"हे काय?"

"सैल झाली म्हणून आत घेतली. परत सैल झाली, परत घेतली."

अडीच इंच! जेवण दुप्पट आणि कंबर अडीच इंच कमी. गिऱ्हाईक अर्धा इंच सुटलेलं दारातून ओळखणारा माणूस, आणि स्वतःला टेप लावायला सवड नाही.

मी विजार पिशवीत घातली आणि भावोजींना दवाखान्यात नेलं. जाऊबाई मागून ओरडल्या, "लोक वेडा म्हणतील!"

"म्हणू देत, तेवढंच येतं त्यांना."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "वजन कमी झालंय?"

"छे, होतं तेवढंच," भावोजी म्हणाले. मी विजारच टेबलावर ठेवली. बाईंनी टिपा पाहिल्या, नाडी पाहिली, गळा चाचपला. पसरलेल्या बोटांवर कागद ठेवला, तो थरथरत राहिला. रक्त तपासायला दिलं. म्हणाल्या, "अस्वस्थपणा मनातून येतो, शरीरातून येतो, दोन्हीकडूनही येतो. कुठून येतोय हे घरच्यांनी ठरवायचं नसतं."

थायरॉइड निघाला. गळ्यातली ग्रंथी गरजेपेक्षा जोरात चालली होती. बाईंची चिठ्ठी आठ दिवसांच्या आत मालकाच्या हातात पडली, तेव्हा कुठे त्यानं कात्री दुसऱ्याला न देता भावोजींसाठी राखून ठेवली.

गोळ्या सुरू होऊन दोन महिने झाले. भावोजी परत टेबलापाशी उभे राहतात. मालक म्हणतो, "मला वाटलंच होतं काहीतरी आजार असणार." जाऊबाईंनी तर म्हणे पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

काल दुपारी भावोजींनी घट्ट व्हायला लागलेल्या विजारीची आतली टीप उसवली. दुसरी अजून तशीच आहे. पण सगळे दोरे वेचून होईपर्यंत खुर्चीवरून एकदाही उठले नाहीत.