मानेखालचा हात

आमच्या मुलीला नववा महिना लागला आणि कंबरदुखीने तिची झोप पार उडाली. डॉक्टरांनी तिला कोमट पाण्याच्या हौदात तरंगण्याचा उपचार सुचवला. तेथील मावशी अनेक वर्षे गर्भवतींना पाण्यावर उताणे निजवीत आल्या आहेत. मात्र ‘सैल सोड’ हे शब्द त्या कधीच उच्चारत नाहीत. ते काम काठावरून आमची सौभाग्यवतीच करीत होती.

“अगं, अंग सोड! नुसतं लाकूड झालंय!”

“आई, तू ओरडलीस की जास्तच ताठते गं मी!”

मावशी हसल्या. “वहिनी, काठावरून पोहणं सोपं असतं. तुम्हीच उतरा.”

“मी? मला पाण्याची भीती वाटते!”

“छातीएवढंच तर आहे. या.”

कठडा घट्ट धरून ती उतरली. मावशींनी मुलीच्या मानेखालचा आपला हात अलगद काढून तिचे डोके आईच्या तळहातांवर ठेवले. ते बुडेल या काळजीने आईची वाचाच बसली. त्या शांततेत मुलीची मान हळूहळू जड झाली आणि ती चक्क घोरू लागली.

“आता काय करू?” सौभाग्यवती कुजबुजली.

“काही नाही. असंच धरा.”

मावशींनी दाराशी आलेल्या पुढच्या बाईला हातानेच थांबण्याची खूण केली.