मांजरीच्या ट्रेचे परमिट

धम्मपाल पगारे एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात अठरा वर्षे एकच काम करीत आला आहे. कोणी दुरुस्तीसाठी यंत्राला हात लावण्यापूर्वी ते यंत्र खरोखरच बंद आहे याची खातरजमा करायची, त्यावर लाल पाटी टांगायची, संभाव्य धोक्यांचा तक्ता भरायचा आणि मग कामाचे परमिट लिहून द्यायचे. जगातली निम्मी संकटे तक्ता न भरल्यामुळे येतात, अशी त्याची त्या काळी प्रामाणिक समजूत होती. आज तो ही समजूत दुसऱ्या कोणाची तरी असावी अशा सुरात सांगतो आणि सांगताना स्वतःच आधी हसतो.

लग्नाच्या नवव्या वर्षी संजनाला दिवस गेले. आधी एकदा तिसऱ्याच महिन्यात सारे निसटले होते, त्यामुळे या वेळी घरात आनंदही दबक्या पावलांनी वावरत होता. पहिल्याच तपासणीत डॉक्टरीणबाईंनी विचारले, “घरात मांजर आहे का?”

होती. तिच्या गुरगुरण्यावरून धम्मपालनेच तिचे नाव टर्बाइन ठेवले होते.

“मांजरीच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू पसरू शकतो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “गरोदरपणात त्याची नव्याने लागण झाली, तर बाळाला बाधा पोचू शकते. पण म्हणून मांजर घालवून देऊ नका. फक्त तिचा ट्रे संजनाने साफ करायचा नाही. दुसऱ्याने करायचा आणि रोजच्या रोज करायचा. विष्ठेतला जंतू लागण करण्याजोगा व्हायला एखादा दिवस तरी लागतो. तिला कच्चं मांस घालू नका, बाहेर शिकारीला सोडू नका. तुम्ही मांस पूर्ण शिजवून खा, भाज्या नीट धुवा. मातीत हात घालायचा असेल तर हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा.”

धम्मपालने सारे लिहून घेतले. “मातीत हात” या ओळीपुढे त्याने तिथल्या तिथेच शेरा मारला : लागू नाही. ते फ्लॅटमध्ये राहत होते; शेती सायखेड्याला, आईकडे होती.

आई, विमलाबाई, बातमी कळताच आली आणि मांजर पाहून दारातच थबकली. “धम्मा, हिला आधी बाहेर काढ. ही वेळ लय नाजूक हे, बाबा.”

“टर्बाइन कुठेही जाणार नाही,” आतून संजना म्हणाली. मागच्या खेपेला दवाखान्यातून परतल्यावर महिनाभर तिच्या उशाशी बसून राहिले होते ते हेच जनावर.

अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. धम्मपालने हमी दिली. “आई, तीन आठवडे माझी व्यवस्था बघ. एक चूक सापडली, तर मी स्वतः हिला सायखेड्याला आणून सोडीन.”

दुसऱ्या दिवसापासून न्हाणीघराच्या कोपऱ्यातल्या ट्रेवर लाल पाटी लागली : ‘काम चालू आहे. संजनाने हात लावू नये.’ बाजूला तक्ता आणि रोजची सही. मुदत संपल्यामुळे बाद झालेले, अकरा हजार व्होल्टचे कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे चढवून तो ट्रेसमोर उकिडवा बसे, तेव्हा टर्बाइन त्याच्याकडे अशा काही नजरेने पाही, की आपण नेमके कोणते काम करतो आहोत याची त्याला लाज वाटू लागे.

ट्रेमध्ये द्वारका चौकाजवळच्या वखारीतून आणलेला लाकडाचा भुसा असे. पहिली पाळी असली की घंटागाडी येण्याआधीच त्याला घर सोडावे लागे. घाण झालेला भुसा दिवसभर घरात साठवायचा नाही हे तत्त्व झाले. मग तो टाकायचा कुठे?

तीन आठवड्यांनी विमलाबाई सकाळीच हजर झाली. तक्त्यावरच्या एकवीस सह्या तिने बोटाने मोजल्या. “आता करून दाखव.”

धम्मपालने ट्रे साफ केला, भुसा घमेल्यात घेतला, गॅलरीत गेला आणि सराईतपणे तो कुंड्यांमध्ये ओतला.

“हे काय रे?”

“खत,” तो अभिमानाने म्हणाला. “वाया काही घालवायचं नाही.”

“आन् या कुंडीतली कोथिंबीर कोण खुडतं?”

धम्मपालने घमेले खाली ठेवले. कोथिंबीर रोज संजना खुडत असे. उघड्या हातांनी, माती भुसभुशीत करून, कधी एखादे पान न धुताच तोंडात टाकून. जंतूला एक दिवस लागतो म्हणून तो रोज ट्रे साफ करीत होता आणि त्याच जंतूला कुंडीत हवे तितके दिवस मुक्कामाला ठेवीत होता. अकरा हजार व्होल्टचे हातमोजे घालून.

त्याच दिवशी संजनाचे रक्त तपासायला गेले. चौथ्या दिवशी अहवाल आला : निगेटिव्ह. धम्मपाल पेढ्यांचा पुडा घेऊनच दवाखान्यात शिरला.

“पेढे ठेवा जरा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “लागण दिसत नाही, हे चांगलं आहे. पण ताजी लागण रक्तात दिसायला वेळ लागतो. शिवाय याचा अर्थ हिला या जंतूची लागण पूर्वीही कधी झालेली दिसत नाही, म्हणजे अंगात त्याच्याशी लढायची तयारी नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासू. काळजी मात्र बाळंतपणापर्यंत.”

ते तीन आठवडे धम्मपालला आठवतात ते झोपेवाचून. कामावर परमिट लिहिताना ‘लागू नाही’ या शब्दांपाशी त्याचा पेन अडे. तो उठून जाई, यंत्राभोवती पुन्हा एक फेरी मारून येई. सहकाऱ्यांना वाटले, पगारेसाहेब बढतीच्या मागे आहेत.

कुंड्यांची माती त्याने तोंड बांधलेल्या पिशव्यांतून घंटागाडीत दिली. भुसाही आता तसाच जाऊ लागला. पहिली पाळी असली की शेजारच्या मनीषावहिनी तेवढी पिशवी खाली नेत. लाल पाटी मात्र ट्रेवरून निघून रिकाम्या कुंड्यांवर गेली.

हमीचा विषय त्याने स्वतःच काढला. “आई, शब्द दिला होता. रविवारी टर्बाइनला सायखेड्याला आणतो.”

विमलाबाईने मांजरीकडे पाहिले, मग मुलाकडे. “तिनं काय केलंय? ती बिचारी ट्रेबाहेर कधी गेली नाय. पाठवायचंच आसल तर सोताला पाठव. तिकडं खताला माणूस लागतोच.”

संजना त्या आठवड्यात पहिल्यांदा मोकळेपणाने हसली.

दुसरा अहवालही निगेटिव्ह आला. या वेळी पेढे आणायला धम्मपाल धजला नाही. घरी येऊन त्याने मुकाट्याने हातमोजे चढवले आणि ट्रेसमोर बसला. भिंतीवरच्या तक्त्यात ‘धोक्याचे मूळ’ या रकान्यात त्याने स्वतः लिहिलेला ‘मांजर’ हा शब्द खोडलेला होता. त्याच्यापुढे शाळामास्तरीण असलेल्या संजनाच्या वळणदार अक्षरात लिहिले होते : ‘परमिट देणारा’.

त्याने खाली त्या दिवसाची सही केली.