एडविनमामाची राहिलेली खेप

“पहिलं अंडं पिनामिन आपल्यासाठी घालते, दुसरं स्वतःसाठी,” एडविनमामा एकदा मला म्हणाला होता.

पिनामिन म्हणजे पेंग्विन. आमच्या ट्रिस्टन बेटावर त्याला दुसरं नाव नाही. लाल डोळे, पिवळ्या झुपक्यांच्या भुवया आणि जन्मजात भांडखोर. पहिलं अंडं लहान असतं. काही दिवसांनी मोठं दुसरं आलं की पहिल्याचं कुणाला काही वाटत नाही. बहुधा ते घरट्याबाहेर घरंगळतं. म्हणून सप्टेंबरात आमची होडी नाइटिंगेल बेटावर जायची ती पहिली अंडी उचलायला. कमरेला दोरी बांधून सदऱ्यात अंडी भरलेला मामा दिवस भरलेल्या बाईसारखा जपून कडा उतरायचा. निसर्ग आपला वाटा काढून ठेवतो, असं मानणाऱ्या माणसाची झोप शांत असते. मामाची तशी होती.

मग एक मालवाहू जहाज नाइटिंगेलच्या खडकावर फुटलं. तेलात बुडालेले पक्षी आम्ही गावातल्या पोहण्याच्या तलावात आणून धुतले. मामा त्यांना हातानं मासे भरवायचा; त्याची बोटं चोचींनी सोलून निघाली. जगले ते कड्यांवर परतले. पुढच्या सप्टेंबरात मामाची होडीही तिथं गेली, नेहमीसारखीच.

यंदा त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. “एवढी एकच खेप सुकाणू धरतो,” असं तो सगळ्यांना सांगत होता. आणि पक्षी मोजायचं काम करणारी त्याची भाची बेरिल गावच्या सभेत उभी राहून म्हणाली, “यंदा अंडी नकोत.”

“मग केक कशाचा करू? बटाट्याचा?” मेबेलकाकू ओरडली.

“तुझा केक तसाही बटाट्यासारखाच लागतो,” मागून कुणीतरी म्हणालं. सभा हसली.

बेरिल हसली नाही. “मामा, गेल्या डिसेंबरात तू माझ्याबरोबर होतास. काय दिसलं ते सांग.”

मामा टोपी हातात फिरवत उभा राहिला. “घरटी होती. गवत नीट रचलेलं. पिल्लं फार थोडी.”

“शिकारी पक्ष्यांनी नेली असतील,” त्याचा धाकटा भाऊ क्लाइव्ह म्हणाला.

“नेली असती तर फुटलेल्या अंड्यांची टरफलं दिसली असती. मी वाकून बघितलं, क्लाइव्ह. काहीच नव्हतं. तेलातून वाचलेल्या त्या पक्ष्यांत ताकदच उरली नव्हती. दुसरं अंडं त्यांनी घातलंच नाही. होतं ते एकच. ते आपण सदऱ्यात घालून आणलं.”

क्लाइव्ह मामाजवळ सरकला.

“अरे, पण तुझी शेवटची खेप आहे ही,” क्लाइव्ह हळू आवाजात म्हणाला. “पुढच्या वर्षी तुला किनारासुद्धा दिसायचा नाही.”

“ठाऊक आहे मला.”

सभाप्रमुखानं विचारलं, “खेप बंद ठेवायची, असं कोण म्हणतं?”

पहिला हात मामाचा वर गेला. सोललेल्या बोटांवरचे वण अजून पांढरे होते. मग बेरिलचा, मग क्लाइव्हचा, मग एकेक करत बरेच. मेबेलकाकूनं एक सुस्कारा सोडला आणि हात वर केला.

प्रमुख हात मोजत असतानाच मामानं टोपी डोक्यावर चढवली, दाराची चौकट हातानं चाचपली आणि वाऱ्यात निघून गेला.